गरुडाच्या पिल्लाचा घास

घरट्यातून पडलेले एखादे पाखरू आपल्या अंगणात सापडले म्हणजे आपले अंतःकरण द्रवते. आपण त्याला पाणी पाजतो, चार दाणे भरवितो आणि समाधान पावतो. परंतु ते पिल्लू दाणे टिपणारे नसून मासे खाऊन जगणारे असेल तर? एका जिवाला जगविण्यासाठी दुसरे जीव कोणत्या अधिकाराने घ्यावेत? डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यापुढे हा प्रश्न आफ्रिकेच्या अरण्यात प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्यांनी तो टाळला नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग येथे एका पाळकांच्या घरी झाला. बालपण गुन्सबाख या गावी गेले. रात्रीच्या प्रार्थनेत केवळ माणसांसाठीच का मागावे, हे कोडे या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच पडले होते. आई प्रार्थना करवून गेली की तो मनातल्या मनात सर्व प्राणिमात्रांसाठी स्वतः रचलेली प्रार्थना करी. सात-आठ वर्षांचा असताना, उपवासकाळातील एका सकाळी, मित्राच्या आग्रहावरून तो गलोल घेऊन पाखरे मारावयास गेला. नेम धरला, तोच मंदिराच्या घंटा वाजू लागल्या. त्याने गलोल टाकून दिली आणि पाखरांना उडवून लावले.

पुढे ते ईश्वरविज्ञानाचे अध्यापक, तत्त्वज्ञ आणि ऑर्गनवादक म्हणून नावारूपाला आले. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व कला आणि त्यानंतर मनुष्यसेवा, असा निश्चय त्यांनी एकविसाव्या वर्षीच केला होता. त्याप्रमाणे ते वैद्यकशास्त्र शिकले आणि १९१३ साली पत्नी हेलेन यांच्यासह आजच्या गॅबन देशातील लांबारेने येथे, ओगोवे नदीच्या काठी, रुग्णसेवेसाठी गेले. १९१५ साली याच नदीतून प्रवास करताना, पाणघोड्यांच्या कळपाजवळून बोट जात असता, 'जीवनाविषयी आदर' हे आपल्या विचाराचे सूत्र त्यांना गवसले.

त्या सूत्राचे आचरण रुग्णालयाच्या आवारात दिसे. हरणांची पोरकी पाडसे तेथे बाटलीने दूध पीत. पाणकोळी पक्ष्याची, म्हणजे पेलिकनची, पिल्लेही डॉक्टरांनी वाढविली. त्यांतील एक मोठे झाल्यावर मोकळे असूनही रात्री डॉक्टरांच्या निवासाशी परतत असे. त्याची कथा त्यांनी १९५० साली, जणू तो पक्षीच सांगत आहे अशा रीतीने, प्रसिद्ध केली.

एकदा स्थानिक लोकांनी वाळूच्या पुळणीवर मत्स्यगरुडाचे एक पिल्लू पकडले. त्याचे हाल होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी ते विकत घेतले. आता त्याला उपाशी मरू द्यावे, की त्याच्यासाठी रोज लहान मासे मारावेत? डॉक्टरांनी मासे मारण्याचे ठरविले. परंतु त्या निर्णयाची त्यांना सवय झाली नाही. या जिवासाठी ते जीव आपल्याच जबाबदारीवर बळी जात आहेत, ही खंत त्यांना रोज जाणवे. निद्रारोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतानाही हाच विचार त्यांच्या मनात येई. औषधाचा आनंद होता. पण रोग्याला वाचविण्यासाठी आपण काही जीव नष्ट करीत आहोत, हे ते विसरत नसत.

आपल्या देशातील अहिंसेच्या विचाराचाही त्यांनी अभ्यास केला होता. भारतीय विचारवंतांवरील त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. अहिंसेचा त्यांनी गौरव केला. परंतु केवळ न मारणे पुरेसे नाही, दुःखात असलेल्या जिवाला हात द्यावयास हवा, असे त्यांचे मत होते. आणि हात द्यावयाचा म्हटला की तो अगदी स्वच्छ राहीलच, असे नाही.

त्यांना १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लांबारेने येथेच त्यांनी देह ठेवला आणि तेथेच त्यांना मूठमाती देण्यात आली.

वाचकहो, आपणही कोणाला ना कोणाला घास भरवीत असतो आणि त्या घासाची किंमत बहुधा दुसराच कोणी देत असतो. म्हणून भरविणे थांबवू नये. मात्र दयेचे समाधान मानताना त्या लहान माशांची आठवण आपल्याला राहते का, हे आज रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी आपण स्वतःला विचारावे.