हॅरिएट टबमनबाईंचा वृद्धापकाळ

अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतांत सुमारें १८२२ सालीं गुलाम मातापित्यांच्या पोटीं जन्मलेल्या हॅरिएट टबमनबाईंचें नांव वाचकांनीं ऐकिलें असेल. १८४९ सालीं त्या पळून जाऊन स्वतंत्र झाल्या, आणि पुढें सुमारें तेरा वेळां परत जाऊन सत्तर एक दासांस त्यांनीं सोडवून आणिलें. ही हकीकत पुष्कळदां सांगण्यांत येते. परंतु सुटका झाल्यावर त्यांच्या जखमांचें काय झालें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

त्या लहान असतां, पळणाऱ्या एका दासावर मुकादमानें फेंकलेलें दोन रत्तलांचें वजन त्यांच्याच डोक्यास लागलें. तेव्हांपासून जन्मभर त्यांचें मस्तक दुखे, आणि बोलतां बोलतां त्यांस एकाएकीं झोप लागे. त्या स्थितींत दिसणारीं स्वप्नें देवाकडून येतात असें त्या मानीत. त्यांच्या तीन बहिणींस मालकानें दूर दक्षिणेस विकून टाकिलें होतें. ही दुसरी जखम कोणत्या वैद्यास दिसणार?

यादवी युद्धांत त्यांनीं सैन्याची शुश्रूषा व हेरगिरी केली. १८६३ च्या जून महिन्यांत कोंबाही नदीवरील स्वारींत सातशेंहून अधिक दास मुक्त झाले. असें असूनही १८६५ सालीं घरीं परततांना, केवळ कृष्णवर्णी म्हणून, आगगाडींतल्या कंडक्टरानें त्यांस डब्यांतून ओढून काढिलें व त्यांचा हात दुखावला. सरकारनेंही वर्षानुवर्षें कांहीं दिलें नाहीं. १८९५ सालीं मृत शिपायाची विधवा म्हणून दरमहा ८ डॉलर पेन्शन मिळालें, तें १८९९ सालीं २० झालें.

एवढ्या तुटपुंज्या मिळकतींतही ऑबर्न गांवच्या त्यांच्या घरीं अनाथ, अंध व म्हातारीं माणसें सदैव आश्रयास असत. कृष्णवर्णी वृद्धांस इतरत्र जागा कोण देणार? म्हणून १८९६ सालीं त्यांनीं शेजारची २५ एकर जमीन लिलावांत घेतली. कर्जाचा भार सोसवेना, तेव्हां १९०३ सालीं ती जमीन त्यांनीं आपल्या सायन मेथॉडिस्ट मंडळीस दिली, आणि १९०८ सालीं तेथें वृद्धाश्रम उघडला. मात्र प्रवेशासाठीं १०० डॉलर भरावे असा नियम चालकांनीं केला, तो बाईंस मुळींच रुचला नाहीं. ज्याजवळ एक पैसाही नाहीं त्याच्यासाठींच हें घर, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मतें त्यांचेंच म्हणणें योग्य होतें.

१९११ सालीं शरीर थकल्यावर त्या स्वतः त्याच आश्रमांत राहावयास गेल्या. १० मार्च १९१३ रोजीं न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला, आणि ऑबर्न येथील दफनभूमींत त्यांस लष्करी मानानें मूठमाती देण्यांत आली.