डोळस पावलांची निर्माती

१९२८ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कहून निघालेली एक तार स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावावरच्या डोंगरात पोहोचली. तारेत मजकूर असा नव्हताच. यशाची वार्ता देणारा अवघा एक शब्द होता. पाठवणारा होता मॉरिस फ्रँक हा वीस वर्षांचा दृष्टिहीन अमेरिकन तरुण, आणि जिच्या हाती ती तार पडली त्या होत्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस. बोटीतून उतरलेल्या फ्रँकने न्यूयॉर्कच्या गोदीलगतचा वेस्ट स्ट्रीट हा अतिशय रुंद आणि मालमोटारींनी गजबजलेला रस्ता वार्ताहरांच्या देखत ओलांडून दाखवला होता. सोबतीला माणूस नव्हता. हातात होता फक्त एका जर्मन शेफर्ड कुत्रीच्या पाठीवरील पट्ट्याचा दांडा.

अमेरिकेत अंध व्यक्तींसाठी मार्गदर्शक श्वानांची संस्थात्मक परंपरा सुरू झाली ती या प्रसंगापासून. फ्रँक आणि त्याची बडी यांची नावे पुढे घरोघरी पोहोचली. मात्र ज्यांच्या पैशातून, चिकाटीतून आणि काहीशा हट्टातून हे सारे उभे राहिले, त्या डोरोथीबाईंचे नाव त्या मानाने मागेच राहिले.

३० मे १८८६ रोजी फिलाडेल्फियातील एका सधन कुटुंबात डोरोथी यांचा जन्म झाला. वडील चार्ल्स कस्टिस हॅरिसन हे साखर शुद्धीकरणाच्या धंद्यातील बडे प्रस्थ. पुढे ते पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख झाले. १९०६ मध्ये डोरोथी यांचा विवाह वॉल्टर अॅबट वूड यांच्याशी झाला. वूड घराणे गवत कापणीची यंत्रे तयार करणारे. न्यूयॉर्क राज्यातील हूसिक फॉल्स येथे या दाम्पत्याने राज्याच्या कृषी खात्याच्या सहकार्याने दुभत्या गाईंचा प्रायोगिक गोठा चालवला. निवडक पैदाशीने गाईचे दूध वाढवता येते, हे तेथे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९१५ मध्ये पती निवर्तले. पदरी दोन मुलगे, आणि वय अवघे एकोणतीस.

याच घरात हान्स नावाचा एक जर्मन शेफर्ड होता. आपल्याकडे हा कुत्रा अल्सेशियन या नावाने अधिक ओळखला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन हा शब्द नकोसा झालेल्या ब्रिटिशांनी ते नाव रूढ केले. हान्सची समज पाहून डोरोथीबाईंच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. गाईचे दूध पैदाशीने वाढते, तर कुत्र्याची बुद्धी आणि कामाची ओढ का वाढू नये? त्या काळी या जातीची पैदास प्रामुख्याने प्रदर्शनांतील देखणेपणासाठी होत होती आणि स्वभाव व कामाची क्षमता यांकडे दुर्लक्ष होत होते. १९२१ मध्ये त्या स्वित्झर्लंडला गेल्या. मॉन्ट पेलरँच्या उतारावर त्यांनी फॉर्च्युनेट फील्ड्स हे केंद्र उभारले. १९२३ मध्ये जॉर्ज यूस्टिस यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. तो जेमतेम पाच वर्षे टिकला. केंद्र मात्र टिकले, आणि त्याचे मोठे श्रेय इलियट हम्फ्री या प्रशिक्षकाचे. जॅक नावाने ओळखला जाणारा हा गृहस्थ घोड्यांच्या जगातून आलेला आणि आनुवंशशास्त्राचा स्वतःच अभ्यास केलेला होता. प्रत्येक कुत्र्याच्या गुणदोषांची नोंद ठेवायची आणि त्यानुसार पुढची पैदास ठरवायची, अशी त्याची शिस्त होती. येथे तयार झालेले कुत्रे स्विस सैन्याकडे आणि पोलिसांकडे जात.

अंधांचा विषय डोरोथीबाईंच्या आयुष्यात आला तो १९२७ मध्ये. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत श्वान प्रशिक्षण सुरू झाले होते. १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे पहिली शाळा निघाली, तर पॉट्सडॅमची शाळा १९२३ ची. पॉट्सडॅमला भेट दिल्यावर डोरोथीबाईंनी जे पाहिले, ते त्यांनी सॅटरडे इव्हनिंग पोस्ट या अमेरिकी साप्ताहिकासाठी लिहिले. ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात हा लेख प्रसिद्ध झाला.

या प्रशिक्षणाचा पाया रस्त्यावर घातला जात नाही, तो मैदानात घातला जातो. बसणे, आडवे होणे, हाकेसरशी येणे आणि वस्तू आणून देणे हे त्यातील प्राथमिक धडे. यातला शेवटचा वरवर खेळासारखा वाटतो. चेंडू फेकावा आणि कुत्र्याने तो आणावा, हे तर घरोघरचे दृश्य! परंतु हौसेने चेंडूमागे धावणारा कुत्रा अर्ध्या वाटेत तो टाकूनही देतो, किंवा तोंडात धरून मालकालाच पळवतो. कामाच्या कुत्र्याला ही मुभा नसते. मेंढ्यांचा कळप राखणे हा जर्मन शेफर्डचा मूळ व्यवसाय. वस्तू आणून देणे हे लॅब्राडोरसारखे त्याच्या रक्तात असतेच असे नाही. त्यामुळे तो धडा टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो. आधी लाकडी ठोकळा न चावता तोंडात धरून ठेवायला शिकवायचे. मग तो हातातून घ्यायला, नंतर जमिनीवरून उचलायला, मग अंतरावरून आणायला. धातूची वस्तू दातांना नकोशी वाटते म्हणून किल्ल्यांसारख्या वस्तूंचा सराव उशिरा येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू पायाशी टाकायची नाही. मालकाच्या तळहातात द्यायची आणि त्याने घेतल्याशिवाय सोडायची नाही. डोळस माणसाला पायाशी पडलेला हातमोजा दिसतो. अंध माणसासाठी तो हरवलेलाच असतो.

पडलेली वस्तू शोधण्यासाठी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपडणे, किंवा जाणाऱ्या-येणाऱ्याची विनवणी करणे, यातला अपमान ज्याने भोगला त्यालाच या धड्याचे मोल कळावे. त्याचा दुसरा लाभ प्रशिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोठा होता. वस्तू आणून देताना कुत्रा स्वतःची इच्छा बाजूला ठेवून माणसासाठी काम करायला शिकतो. त्यानंतरच त्याला याच्या अगदी उलट धडा देता येतो, तो म्हणजे योग्य वेळी आज्ञा मोडण्याचा. पुढे खड्डा असेल, मोटार येत असेल, तर मालकाने पुढे चालण्याचा हुकूम दिला तरी कुत्र्याने जागचे हलायचे नाही. आज्ञापालन पक्के नसलेल्या कुत्र्याचा असा नकार आणि त्याचा नुसता हूडपणा यांत फरक करणे अंध मालकाला अशक्यच.

लेख छापून आला तेव्हा टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मॉरिस फ्रँकला त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवला. एक डोळा सहाव्या वर्षी घोडेस्वारी करताना फांदी लागून, तर दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात गेलेला. शिक्षण घेत विमा विकणाऱ्या या तरुणाला भाड्याच्या सोबत्यावर अवलंबून राहणे असह्य झाले होते. त्याने डोरोथीबाईंना पत्र लिहिले. आपल्याला असा श्वान मिळाला तर अमेरिकेत परतून इतर अंधांसाठीही हे काम उभे करू, असे त्याने त्यात कळवले.

डोरोथीबाईंपुढे पेच होता. त्यांच्या केंद्रात अंधांसाठी एकही कुत्रा तोवर तयार झाला नव्हता. लेख त्यांनी दुसऱ्यांच्या कामावर लिहिला होता. नम्र नकार देऊन त्या मोकळ्या होऊ शकत होत्या, आणि तसे केले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी हम्फ्रीला पॉट्सडॅमची पद्धत शिकून घ्यायला लावले आणि फ्रँकला बोलावून घेतले. १९२८ च्या वसंतात तो एकटा निघाला. पाठवणी एका वाहतूक कंपनीमार्फत, जवळपास एखाद्या पार्सलसारखी झाली! ज्याला सामानासारखे आणले गेले तो माणसासारखा परत जावा, यासाठीच जणू पुढचे काही आठवडे खर्ची पडले.

त्याच्यासाठी निवडलेल्या कुत्रीचे नाव किस असे होते. चारचौघांत तिला या नावाने हाक मारणे संकोचाचे वाटल्याने फ्रँकने तिचे नाव बडी ठेवले. हम्फ्रीची शिकवणी कठोर होती. चूक झाली की आधार मिळत नसे. धडकून शिकावे लागे. केस कापायचे होते तेव्हा त्याला कोणी नेले नाही. कुत्री आहे, स्वतः जा, असेच त्याला सुचवण्यात आले, आणि तो खरोखरच बडीबरोबर न्हाव्याकडे जाऊन आला. वेस्ट स्ट्रीटच्या प्रसंगाला प्रसिद्धी मिळाली, पण फ्रँकच्या आयुष्यातील वळण बहुधा या साध्या फेरीनेच घेतले असावे.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे द सीइंग आय या संस्थेची स्थापना झाली. दक्षिणेकडील उन्हाळा प्रशिक्षणाला मानवेना, म्हणून १९३१ मध्ये ती न्यू जर्सीत हलवण्यात आली. प्रारंभीच्या वर्षांत डोरोथीबाईंनी स्वतःची संपत्ती या कामी ओतली. मात्र त्यांची भूमिका दानशूर बाईची नव्हती. निधी मागताना अंधत्वाचे करुण चित्र रंगवायचे नाही, यावर त्या ठाम होत्या. विद्यार्थ्याने श्वानासाठी काही रक्कम स्वतः भरलीच पाहिजे, हा नियम झाला. पहिल्या श्वानासाठी ठरलेली १५० डॉलरची रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने नगण्य होती. परंतु ती भरणारा याचक राहत नव्हता, कुत्रा त्याचा हक्काचा होत होता. मदत म्हणजे कणव, असे मानणाऱ्या त्या काळात हा आग्रह अनेकांना रुक्ष वाटला असल्यास नवल नाही.

खरी टंचाई कुत्र्यांची नव्हती, प्रशिक्षकांची होती. कुत्रा आणि अंध माणूस या दोघांनाही शिकवू शकेल अशी व्यक्ती घडायला वर्षे लागत आणि उमेदवारीत अनेक जण गळून पडत. त्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये स्वतंत्र शाळा चालवण्यात आली, पण तीही आर्थिक ओढाताणीत बंद करावी लागली. ब्रिटनमधील दोन महिलांनी मदत मागितल्यावर डोरोथीबाईंनी आपला प्रशिक्षक तिकडे धाडला आणि १९३१ मध्ये वॉलसी येथे पहिले चार ब्रिटिश मार्गदर्शक श्वान तयार झाले.

मे १९३८ मध्ये बडी मरण पावली. तोवर अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक श्वानांना मालकासोबत डब्यात बसू देण्याचे मान्य केले होते. फ्रँकने बडीला घेऊन देशभर केलेल्या भटकंतीचा त्यात मोठा वाटा होता. डोरोथीबाईंनी १९४० मध्ये संस्थेचे अध्यक्षपद सोडले. ८ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मैदानातला तो वस्तू आणून देण्याचा धडा पुढे वेगळ्याच वाटेने गेला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात कॅनाइन कम्पॅनियन्स ही संस्था सुरू झाली आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींसाठी पडलेली वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे, दिव्याचे बटण दाबणारे श्वान तयार होऊ लागले. या कामी लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर अधिक दिसतात. पट्ट्याचे हिसके जवळपास मागे पडून खाऊचे बक्षीस आले आहे. वस्तू मात्र तळहातातच द्यायची असते.