नाइटिंगेलबाईंची रंगीत चित्रे

एका पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या इमारतीतील तीन घरांत मुलांना कावीळ झाली. गच्चीवरची टाकी धुवावी म्हणून मी दोन अर्ज केले. ते कोणी वाचले की नाही, देव जाणे. अखेर माझ्या मुलीने टाकी, तिचे फुटके झाकण आणि तिथून स्वयंपाकघरातील नळापर्यंत येणारी पाण्याची वाट रंगीत खडूंनी काढून जिन्यात लावली. चौथ्या दिवशी टाकी धुतली गेली! तेव्हापासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मला वारंवार आठवण होते.

१२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलीने रुग्णसेवा पत्करावी हे घरच्यांना मुळीच रुचले नाही. तरी १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. हाती दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या बाई आपण शाळेत वाचल्या आहेत. पण त्या पहिल्या हिवाळ्यात एवढी सेवा होऊनही माणसे मरतच राहिली, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही. इस्पितळाखालची गटारे तुंबली होती. मार्च १८५५ मध्ये विलायतेहून आलेल्या स्वच्छता-पथकाने ती उपसली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार यांच्या मदतीने आकडे मांडताना बाईंना त्याचा अर्थ उमगला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक नेले होते, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. हे शल्य त्यांना जन्मभर बोचले असावे, असे मला वाटते.

मोठी माणसे कोष्टके वाचीत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून १८५८ साली त्यांनी एक गोल चित्र छापले. वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. रोगाचे मृत्यू निळे, जखमांचे तांबडे, बाकीचे काळे. मृत्यू जास्त तशी पाकळी मोठी. पानभर निळाच निळा! एक अक्षर न वाचता कळावे असे.

पुढे हिंदुस्थानचा विषय आला. येथील गोऱ्या पलटणींत दरसाल हजारी ६९ माणसे मरत. त्यावरील चौकशीचा दोन हजारांवर पानांचा अहवाल १८६३ साली निघाला. बाईंनी आपल्या टिपणात इथल्या चालीरीती दाखविणारी लाकडी ठशांची चित्रे घातली. खर्चाला सरकारी खजिना कुरकुरला, तेव्हा पैसे त्यांनी पदरचे दिले.

आरंभी त्यांची काळजी गोऱ्या शिपायांपुरतीच होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण शेजारची वस्ती घाण असता पलटण निरोगी कशी राहील? हळूहळू त्यांची नजर खेड्यांकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार केला. आपल्या मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा १८८९ साली झाला. मुलुंड, घाटकोपर ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातील खेडीच होती. १८९४ साली बुडापेस्टच्या आरोग्य परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी हिंदी खेड्यांचाच विषय घेतला. गावोगाव व्याख्याने द्यावीत आणि घाणेरड्या पाण्यातले जीव जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखवावेत, असे त्यांचे सुचविणे होते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही डोळे आहेतच.

नवल असे, की बाई हिंदुस्थानात एकदाही आल्या नाहीत. प्रकृती ढासळल्याने बहुतेक काम त्यांनी बिछान्यावरूनच केले. उतारवयात दृष्टीही गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या.

यंदा पावसाळ्यापूर्वी मंडळाच्या फलकावर डासांच्या अळ्यांचे मोठे चित्र लावायचे ठरले आहे. ते काढायला माझी मुलगी तयार आहे. रंग मात्र कोणीतरी द्यावेत.