विश्लेषण : न दिसणारेच जास्त का घाबरवते? ॲन रॅडक्लिफ यांच्या गूढ कादंबऱ्यांचे रहस्य काय?

भूत समोर येण्यापेक्षा ते असेल का, ही शंका वाचकाला अधिक घाबरवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘गॉथिक’ कादंबरीत हे तंत्र रुजवले ते ॲन रॅडक्लिफ यांनी.

कोण होत्या रॅडक्लिफ?
त्यांचा जन्म १७६४ मध्ये लंडनमध्ये झाला. १७८७ मध्ये पत्रकार विल्यम रॅडक्लिफ यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या कादंबरीलेखनाकडे वळल्या.

काळ्या पडद्यामागे काय?
‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) या कादंबरीसाठी त्यांना ५०० पौंड मिळाले. तेव्हा ही मोठी रक्कम होती. इटलीतील किल्ल्यात अडकलेली एमिली एक काळा पडदा दूर करते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले, हे वाचकाला शेकडो पाने कळत नाही. शेवटी उलगडते, की ते प्रेत नव्हते, मेणाचा पुतळा होता. तोवर भीती वाचकाने स्वतःच वाढवलेली असते.

धास्ती आणि थरकाप यांत फरक कोणता?
त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या लेखात हा फरक आहे. अनिश्चिततेतून आलेली धास्ती मन जागे करते. भीषण दृश्य थेट दाखवले, की मन गोठते.

मौनानंतर काय घडले?
‘द इटालियन’नंतर (१७९७) त्यांनी हयातीत नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. कारणही सांगितले नाही. मग त्यांना वेड लागल्याच्या, त्या मरण पावल्याच्या अफवा उठल्या. प्रत्यक्षात त्या पतीसोबत शांतपणे राहत होत्या. १८२३ मध्ये त्यांचे निधन झाले. वाचकांनी त्यांच्या मौनाची रिकामी जागाही भीतीनेच भरली होती.