जेम्स ब्रेडवुड : आगीत शिरायला शिकवणारा सर्व्हेअर

आग लागली की आपण १०१ फिरवतो. गाडी येते, एक अधिकारी उतरतो आणि तो सांगेल तसे बाकीचे जवान हलतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की यामागे कुणी डोकं लावलं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. सिव्हिलवाल्यांनी तर ही गोष्ट जरूर वाचावी, कारण माणूस आपल्याच बिरादरीतला!

जेम्स ब्रेडवुडचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरातला. वडील फर्निचर बनवायचे. शाळा संपल्यावर पोरगा बांधकामाचा सर्व्हे शिकला. त्या काळी विमा कंपन्यांचे आपापले बंब असत. १८२४ मध्ये शहराने सगळ्यांसाठी एकच दल उभं केलं आणि प्रमुख नेमलं ब्रेडवुडला. वय वर्षे फक्त २४!

दलाची घडी बसायच्या आतच, त्याच नोव्हेंबरमध्ये, शहरात प्रचंड आग लागली. कित्येक दिवस ती विझेना. शेकडो घरं गेली. खापर नव्या पोरावर फुटणार हे उघड होतं. पण चौकशीत निघालं भलतंच. आगीच्या जागी शहरातला जो तो बडा माणूस हुकूम सोडत होता. बंबवाल्यांनी ऐकायचं कुणाचं? तेव्हापासून ठरलं, की आगीच्या ठिकाणी हुकूम एकाचाच, दलप्रमुखाचा. आज फायर ब्रिगेडचं सगळं काम या एका नियमावर उभं आहे.

बाकीची व्यवस्था ब्रेडवुडने स्वतः लावली. भरती केली ती सुतार, गवंडी, लोहार, प्लंबर आणि छपरं घालणाऱ्यांची. ज्याने घर बांधलंय त्याला जळत्या घरात कुठे पाय ठेवायचा ते कळतं, हा त्याचा हिशोब. सराव भल्या पहाटे अंधारात, म्हणजे रस्त्यावर गर्दी नाही आणि अंधाराचीही सवय होते. गोंगाटात आवाज पोचत नाही म्हणून शिट्टीच्या खुणा ठरवल्या. आत कुणी एकट्याने जायचं नाही. धुरात जमिनीलगत सरकायचं, कारण श्वास घेण्याजोगी हवा तिथेच असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावरून खिडकीत पाणी उडवत बसायचं नाही. आत शिरून आगीचं मूळ गाठायचं आणि पाणी तिथेच मारायचं. हे सगळं त्याने १८३० मध्ये पुस्तकात लिहून काढलं.

१८३३ मध्ये लंडनच्या विमा कंपन्यांनी आपापली दलं एकत्र केली आणि त्याला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी पार्लमेंटची इमारत पेटली. सगळंच वाचणार नव्हतं, म्हणून जोर लावला तो वेस्टमिन्स्टर हॉलवर. तो हॉल आजही उभा आहे.

लंडनमध्ये त्याला खरी धास्ती होती ती नदीकाठच्या अवाढव्य गोदामांची. बिडाचे खांब असले म्हणजे इमारत आगीला दाद देत नाही, असा तेव्हा समज होता. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं आणि वरचा मजला खाली येतो, हे तो सांगत राहिला. १८४९ मध्ये त्याने सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे या विषयावर निबंधही वाचला. पण गोदामं वाढतच गेली.

२२ जून १८६१. टूली स्ट्रीटवरची गोदामं पेटली. आत ताग, कापूस, चरबी, साखर. आग अडवणारी लोखंडी दारं उघडीच राहिली होती, असं सांगतात. संध्याकाळी ब्रेडवुड दमलेल्या जवानांची विचारपूस करत फिरत असताना एक भिंत अंगावर कोसळली. तो जागीच गेला. ढिगाऱ्यातून त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. आग पुढे दोन आठवडे धुमसत होती.

एवढं नुकसान झाल्यावर विमा कंपन्यांनी हात टेकले. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनला सार्वजनिक अग्निशमन दल मिळालं. एडिंबरोत २००८ पासून ब्रेडवुडचा पुतळा आहे.

मला या माणसाच्या शौर्याइतकाच त्याचा निबंध महत्त्वाचा वाटतो. उद्या आपण ड्रॉइंग काढू, तेव्हा खर्च कमी करा म्हणून कुणीतरी मधली भिंत किंवा फायर डोअर उडवायला सांगेलच. त्या वेळी खोडरबर हातात घेण्याआधी एवढंच आठवावं, की आग लागल्यावर त्या इमारतीत आपण नाही, दुसरंच कुणीतरी शिरणार असतं.