नदीचा तळ पाहिलेला नौकाबांधक

ऑगस्ट 1861 मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने एका कंत्राटदाराशी करार केला. सात चिलखती तोफनौका बांधायच्या, प्रत्येकीची किंमत 89 हजार 600 डॉलर आणि मुदत अवघी दोन महिन्यांची. ज्या लाकडातून या नौका घडायच्या होत्या, ते अद्याप जंगलात उभे होते. त्यांचे लोखंडी पत्रे गिरणीतून निघायचे होते आणि बॉयलर तयार व्हायचे होते. करार स्वीकारणारे जेम्स ब्युकॅनन ईड्स हे नौदलाचे अधिकारी नव्हते, अभियांत्रिकीची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे होते ते मिसिसिपी नदीचे ज्ञान, आणि तेही पुस्तकातून नव्हे, तर नदीच्या तळावर प्रत्यक्ष उभे राहून मिळविलेले.

ईड्स यांचा जन्म 23 मे 1820 रोजी इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे झाला. आईच्या चुलतभावाचे नाव त्यांना देण्यात आले. हा चुलतभाऊ पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, परंतु त्या नात्याचा घराला आर्थिक आधार नव्हता. वडिलांच्या व्यवसायाला यश नव्हते आणि कुटुंब गावोगाव फिरत होते. 1833 मध्ये आई आणि भावंडांसह तेरा वर्षांचा जेम्स सेंट लुइसला पोहोचला, तोच ज्या आगबोटीतून ते आले ती पेटली. जीव वाचले, सामान मात्र गेले. घराला हातभार लावण्यासाठी मुलाने रस्त्यावर सफरचंदे विकली आणि पुढे तो एका कापडदुकानात नोकरीस लागला. शाळा तेथेच सुटली. दुकानाच्या मालकाने मात्र आपला खासगी ग्रंथसंग्रह या मुलासाठी खुला केला. यंत्रशास्त्र आणि गणित यांची ओळख त्याला रात्री दिव्याच्या उजेडात तेथेच झाली.

पुढे नदीवरील आगबोटीत कारकुनाची नोकरी करताना त्यांना मिसिसिपीचे दुसरे रूप दिसले. पुरात वाहून आलेले प्रचंड वृक्ष तळाशी रुतून बसत आणि त्यांच्या टोकांवर आदळून बोटी फुटत. शिसे, लोखंड आणि नाना प्रकारचा माल गाळात गडप होई. हा माल वर काढण्याचा व्यवसाय 1842 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ईड्स यांनी भागीदारीत सुरू केला. त्याचे मुख्य साधन म्हणजे खालून उघडी असलेली पाणबुडीची घंटा. ही अवजड घंटा साखळीने खाली सोडायची, वरून पंपाने हवा पुरवायची आणि आतल्या माणसाने गढूळ अंधारात हातांनी चाचपडत बुडालेली बोट शोधायची. हे काम करण्यास बाहेरून आणलेला अनुभवी पाणबुड्या नदीच्या ओढीपुढे हतबल झाला, तेव्हा ईड्स स्वतः खाली उतरले. त्यांची पहिली घंटा व्हिस्कीच्या पिंपापासून बनविलेली होती.

त्यानंतरच्या काळात ते असंख्य वेळा नदीच्या तळाशी गेले. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली वाळूचे थर सरकत असतात, पुराच्या दिवसांत तर तळच वाहू लागतो, हे त्यांनी पायांनी अनुभवले. मध्यंतरी लग्नानंतर त्यांनी नदी सोडून काचेचा कारखाना काढून पाहिला. तो बुडाला आणि 25 हजार डॉलरचे कर्ज मागे राहिले. नदीकडे परतून त्यांनी ते फेडले आणि मोठी संपत्ती मिळविली. प्रकृती ढासळल्याने 1857 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती पत्करली.

ही निवृत्ती चार वर्षांत संपली. एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंडखोर राज्यांना दुभंगायचे तर मिसिसिपीचा ताबा मिळविणे अनिवार्य होते. परंतु संघराज्याचे नौदल समुद्रासाठी बांधलेले होते. खोल तळाच्या त्या जहाजांना अंतर्भागातील नद्यांत शिरणे शक्य नव्हते. लिंकन यांच्या मंत्रिमंडळातील महान्यायवादी एडवर्ड बेट्स हे मिसुरीचेच. त्यांनी ईड्स यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. कैरो हे इलिनॉय राज्यातील संगमावरचे गाव तळ म्हणून वापरावे आणि तेथून चिलखती तोफनौकांनी नदी रोखावी, अशी योजना त्यांनी मांडली. नदीवरील हे आरमार प्रारंभी नौदलाचे नव्हे, तर भूसेनेच्या अखत्यारीत उभे राहिले. ऑक्टोबर 1862 मध्ये ते नौदलाकडे गेले.

या सात नौकांचा आराखडा ईड्स यांचा नव्हता, हे नमूद करणे अगत्याचे आहे. तो सॅम्युअल पुक या नौदलाच्या आरेखकाने तयार केला होता आणि बेढब आकारामुळे सैनिक या नौकांना पुकची कासवे म्हणत. यंत्रांचा आराखडा थॉमस मेरिट यांचा होता. आराखड्यातील प्रत्येक निर्णयामागे नदीची अट होती. पाणी उथळ, म्हणून 175 फूट लांबीच्या नौकेचा केवळ सहा फूट भाग पाण्याखाली राहील अशी मर्यादा घालण्यात आली. एवढ्या कमी खोलीत तेरा तोफा, बॉयलर आणि लोखंड यांचे वजन तोलायचे तर रुंदी वाढविणे भाग होते, म्हणून ती 51 फुटांवर गेली. आगबोटीचे चाक बाजूला वा उघड्यावर ठेवले तर एका गोळ्याने नौका पांगळी होईल, म्हणून ते मागील भागात मध्यभागी, चिलखताच्या आत दडविले गेले. शत्रूच्या तोफांना सामोरे जाणाऱ्या तिरक्या भिंतींवर अडीच इंच जाडीचे लोखंड बसविण्यात आले. मात्र सर्वांगाला चिलखत चढविले तर नौका तळाला टेकली असती. त्यामुळे समोरचा भाग आणि यंत्रांलगतच्या बाजू यांनाच मुख्य संरक्षण मिळाले. वरचा तक्ता आणि तळ बहुतांशी उघडे राहिले. या तडजोडीची किंमत पुढे माणसांनी चुकविली.

बांधणीचे काम सेंट लुइसजवळील कॅरोन्डेलेट येथे आणि इलिनॉयमधील माउंड सिटी येथे विभागले गेले. हजारो सुतार, लोहार आणि मजूर कामाला लागले. काम रात्रंदिवस, रविवारीही चाले. निरनिराळ्या राज्यांतील लाकूड गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि ओतशाळा एकाच वेळी जुंपल्या गेल्या. आराखड्यात सतत बदल होत होते आणि सरकारचे हप्ते वेळेवर येत नव्हते. ईड्स यांनी स्वतःची पुंजी ओतली, मित्रांकडून पैसे उभे केले, पण मजुरी थांबू दिली नाही. मुदत मात्र पाळली गेली नाही. सेंट लुइस ही पहिली नौका 12 ऑक्टोबर 1861 रोजी पाण्यात उतरली आणि सातही नौका सेवेत दाखल व्हायला जानेवारी 1862 उजाडला. तरीही जेथे आधी काहीही नव्हते तेथे पाच महिन्यांत एक आरमार उभे राहिले होते. प्रसिद्ध मॉनिटर ही नौका तेव्हा पाण्यात उतरायचीच होती.

6 फेब्रुवारी 1862 रोजी टेनेसी नदीवरील फोर्ट हेन्री या किल्ल्यावर या तोफनौकांनी मारा केला आणि ग्रँट यांचे सैन्य चिखलातून पोहोचण्यापूर्वीच किल्ल्याने शरणागती पत्करली. त्या वेळी नौकांची पूर्ण किंमत ईड्स यांच्या हाती पडलेली नव्हती. सरकार ज्या नौकांतून लढाई जिंकत होते, त्यांचा हिशेब अद्याप बांधणाऱ्याच्या वहीत उघडा होता.

आठच दिवसांनी कम्बरलँड नदीवरील फोर्ट डोनेल्सनपाशी चित्र पालटले. हा किल्ला उंचावर होता. तेथून सुटलेले गोळे वरून कोसळू लागले आणि सुकाणूची यंत्रणा निकामी झालेल्या नौका प्रवाहाबरोबर मागे वाहत गेल्या. आरमाराचे प्रमुख फूट स्वतः जखमी झाले. तो किल्ला अखेर जमिनीवरील सैन्याने घेतला. 17 जून 1862 रोजी व्हाइट नदीवर तर एकच गोळा माउंड सिटी या नौकेत शिरून वाफेची टाकी फुटली आणि शंभराहून अधिक खलाशी भाजून वा बुडून मृत्युमुखी पडले. 12 डिसेंबर 1862 रोजी याझू नदीत कैरो ही नौका पाण्याखालील सुरुंगाने फुटली आणि सुमारे बारा मिनिटांत बुडाली. सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही.

तरीही मिसिसिपी खुली झाली ती याच आरमाराच्या साह्याने. जून 1862 मध्ये मेम्फिस पडले आणि 4 जुलै 1863 रोजी व्हिक्सबर्गने शस्त्रे खाली ठेवली. दरम्यान ईड्स कंत्राटदारीच्या पलीकडे जाऊन स्वतः आराखडे करू लागले होते. गाळात अडकलेली झाडे उपटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या बोटीचे बेंटन या तोफनौकेत रूपांतर त्यांनी आधीच केले होते. निओशो आणि ओसेज या दोन नौकांत त्यांनी पाण्याखालचा भाग सुमारे साडेचार फुटांवर आणला आणि फिरत्या बुरुजात तोफा ठेवल्या. पुढे मिलवॉकी वर्गातील चार नौकांना दोन-दोन बुरूज मिळाले. त्यांपैकी एक बुरूज ईड्स यांच्या स्वतःच्या रचनेचा होता. त्यात तोफा भरण्यासाठी खाली नेणे आणि डागण्यासाठी वर आणणे ही कामे वाफेच्या शक्तीने होत. याच वर्गातील चिकसॉ या नौकेने 5 ऑगस्ट 1864 रोजी मोबाइल बेच्या लढाईत टेनेसी या शत्रूच्या बलाढ्य जहाजाची पाठ सोडली नाही. पण तळाचा प्रश्न सुटला नव्हता. मार्च 1865 च्या अखेरीस मोबाइलजवळ लागोपाठच्या दोन दिवसांत मिलवॉकी आणि ओसेज सुरुंगांनी बुडाल्या.

युद्धानंतर ईड्स यांनी सेंट लुइस येथे मिसिसिपीवर पोलादी पूल बांधण्यास घेतला. पूल बांधण्याचा अनुभव त्यांना नव्हता, परंतु वाहता तळ त्यांनी पाहिला होता. म्हणूनच पुलाचे खांब वाळूवर नव्हे, तर थेट खालच्या खडकावर उभारण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी दाबाखालील हवेने भरलेल्या पेट्यांत मजुरांना खोलवर उतरावे लागले. वर येताना रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन शरीर जखडते, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्या व्याधीने डझनाहून अधिक मजूर दगावले आणि अनेक जण कायमचे अधू झाले. 4 जुलै 1874 रोजी खुला झालेला हा पूल ईड्स यांच्या नावाने ओळखला जातो आणि आजही उभा आहे.

त्यानंतर नदीच्या मुखाशी समांतर बांध घालून, प्रवाहाकडूनच गाळ उपसून घेण्याची योजना त्यांनी पुढे आणली. नामवंत लष्करी अभियंत्यांचा तिला विरोध होता. अपेक्षित खोली मिळाल्यावरच पैसे घेण्याची अट त्यांनी मान्य केली आणि 1879 मध्ये तीस फूट खोलीचा मार्ग खुला झाला. 1884 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सचे अल्बर्ट पदक त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकी नागरिक होते. मेक्सिकोतील तेवांतेपेक संयोगभूमीवरून जहाजे रुळांवरून ओलांडून नेण्याचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. 8 मार्च 1887 रोजी बहामाजमधील नासाऊ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सात नौकांपैकी एक मात्र परत आली. याझूच्या गाळात शतकभर पडून राहिलेली कैरो 1964 मध्ये बाहेर काढण्यात आली. उचलताना तिचे तुकडे झाले, तरी तिचे चिलखत, तोफा आणि यंत्रे हाती लागली आणि व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात ती आज पाहता येते. ज्या माणसाने बुडालेल्या बोटी वर काढून आयुष्याची सुरुवात केली, त्याच्या बांधणीचे यंत्र आणि लोखंड पाहायला मिळाले तेही बुडालेली बोट वर काढल्यामुळेच.