श्रीधर अय्यावाळ : एक निश्चय आणि अनेक वाटा

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ, कावेरीच्या परिसरात तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. दरवर्षी कार्तिक अमावस्येला तेथे भाविकांची मोठी रांग लागते. ही रांग एका घराच्या मागील विहिरीवर स्नान करण्यासाठी असते. त्या दिवशी या विहिरीत गंगामाता प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. हे घर संत श्रीधर वेंकटेश यांचे. लोक त्यांना आदराने आणि प्रेमाने अय्यावाळ म्हणतात. आज ते मठ म्हणून ओळखले जाते.

या गावाशी आपला, म्हणजे मराठी माणसांचा, जवळचा संबंध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1684 ते 1712 या काळात तेथे राज्य केले. ते विद्येचे मोठे चाहते होते आणि स्वतःही ग्रंथकार होते. 1693 मध्ये त्यांनी चाळीसहून अधिक विद्वानांना तिरुविसनल्लूर गाव अग्रहार म्हणून दान दिले. तेव्हापासून गावाला शाहजीराजपुरम् असेही नाव पडले. रामभद्र दीक्षितांसारखे कवी आणि वैयाकरण येथे राहत होते. अय्यावाळही याच विद्वानांच्या मांदियाळीतले. शहाजीराजांवर त्यांनी ‘शाहेन्द्रविलास’ हे संस्कृत महाकाव्य रचले.

म्हणजेच अय्यावाळांसमोर पर्यायांची कमतरता कधीच नव्हती. विद्या होती, राजाश्रय होता, कीर्ती होती. ज्याच्यासमोर काहीच नसते त्याला निवड करावी लागत नाही. ज्याच्यासमोर खूप काही असते त्याची खरी परीक्षा होते. म्हणूनच त्यांचे चरित्र आज आपल्याला उपयोगी आहे.

पहिली निवड : काय सोडायचे?

परंपरेनुसार अय्यावाळांचे वडील म्हैसूरच्या दरबारात मोठ्या पदावर होते. वडिलांच्या निधनानंतर ते पद स्वीकारावे असा आग्रह तरुण श्रीधरांना झाला. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. घरची संपत्ती दान केली आणि आई व पत्नीसह ते ईश्वरभक्तीसाठी बाहेर पडले. पुढे ते कावेरीच्या तीरावर येऊन स्थिरावले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दरबारातील पद ही वाईट गोष्ट नव्हती. त्या पदावरून अनेकांचे भले करता आले असते. चांगले आणि वाईट यांतून निवडायचे असेल तर विवेकाला फारसे कष्ट पडत नाहीत. अवघड असते ते दोन चांगल्या गोष्टींमधून निवडणे. वाणिज्य शाखेत ‘संधी खर्च’ नावाची संकल्पना शिकवतात. एक पर्याय घेताना जो दुसरा चांगला पर्याय सोडावा लागतो, तीच आपल्या निवडीची खरी किंमत असते. आपण बहुतेक वेळा अडकतो ते हीच किंमत द्यायची तयारी नसते म्हणून. सगळेच हातात राहावे असे वाटते, आणि मग काहीच हातात येत नाही. अय्यावाळांनी किंमत आधी ओळखली, ती दिली आणि नंतर मागे वळून पाहिले नाही.

दुसरी निवड : अनेक साधनांतून एक

त्या काळी साधकासमोरही पर्यायांचा गोंधळ होता. यज्ञ, व्रते, तीर्थयात्रा, मंत्र, योग, वेदान्ताचा अभ्यास, शिवभक्ती, विष्णुभक्ती, प्रत्येकाचे शास्त्र आणि प्रत्येकाचे समर्थक. सामान्य माणसाने यातील काय करावे? अय्यावाळांचे समकालीन, जवळच्याच गोविंदपुरम येथील संत बोधेन्द्र सरस्वती यांनी भगवन्नामाचा मार्ग सर्वांसाठी खुला केला. अय्यावाळांनीही नामाच्या महिम्यावर ‘आख्याषष्टी’ हे साठ श्लोकांचे स्तोत्र रचले. ते स्वतः मोठे शिवभक्त होते. तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींवर त्यांची अढळ निष्ठा होती. तरीही शिवनाम आणि विष्णुनाम यांत त्यांनी भेद मानला नाही.

वारकरी परंपरेत वाढलेल्या मराठी मनाला हे नवीन वाटणार नाही. आज त्याच गोविंदपुरममध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे आहे.

नाम हा केंद्रबिंदू मानल्यामुळे अय्यावाळांची इतर कर्मे सुटली नाहीत. पूजा, अभ्यास, काव्य, गृहस्थधर्म सर्व चालू राहिले. फरक एवढाच पडला की प्रत्येक गोष्टीची जागा ठरली. आधी काय आणि नंतर काय, हे रोज नव्याने ठरवावे लागले नाही.

तिसरी निवड : दारातील भुकेला माणूस

या निश्चयाची कसोटी एका कार्तिक अमावस्येला लागली. त्या दिवशी घरी वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, निमंत्रित ब्राह्मण यायचे होते. तेवढ्यात दारात एक भुकेने व्याकूळ माणूस आला. त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानले जाई, अशा समाजातील तो होता.

अय्यावाळांसमोर किती पर्याय होते पाहा. त्याला संध्याकाळी या असे सांगता आले असते. शिधा देता आला असता. दुसऱ्या घरी पाठवता आले असते. प्रत्येक पर्यायाला सबळ कारण होते, कारण श्राद्धाचे अन्न ब्राह्मणभोजनाआधी कोणालाही न देण्याचा नियम होता. पितरांचे ऋण, शास्त्राची आज्ञा, समाजाचा मान हे सगळे एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला फक्त भूक होती.

अय्यावाळांनी तेच तयार अन्न त्या माणसाला पोटभर वाढले.

त्यांनी श्राद्ध रद्द केले नाही. घर स्वच्छ करून पुन्हा स्वयंपाक करवला. श्राद्धाचा स्वयंपाक पुन्हा करता येतो, पण भुकेला माणूस निघून गेला तर तो क्षण पुन्हा येत नाही. निर्णय घेताना आपण सहसा विचारतो की यातील सर्वांत मोठे काय आहे. अय्यावाळांनी जे थांबू शकत नाही त्याला आधी हात घातला, आणि जे नंतर करता येते तेही टाकले नाही.

निर्णयानंतरची शांती

ब्राह्मणांनी भोजनास नकार दिला. गंगास्नान केल्याशिवाय शुद्धी नाही, असे त्यांनी सांगितले. काशीला पायी जाऊन परत यायला कित्येक महिने लागले असते आणि श्राद्ध तर त्याच दिवशी व्हायचे होते. अय्यावाळांनी वाद घातला नाही, स्वतःच्या कृतीचे समर्थन केले नाही आणि पश्चात्तापही केला नाही. त्यांनी विहिरीजवळ उभे राहून गंगेची स्तुती केली. तेच ‘गंगाष्टक’. परंपरा सांगते की विहीर भरून वाहू लागली आणि गंगेचे पाणी रस्त्यांवर पसरले. गावकऱ्यांनी क्षमा मागितली. अय्यावाळांनी प्रार्थना केल्यावर पाणी विहिरीत स्थिरावले.

या कथेकडे केवळ चमत्कार म्हणून पाहू नये. योग्य निर्णय घेतला की सर्व लोक खूश होतील, अशी आपली अपेक्षा असते. विरोध झाला की निर्णयच चुकला असे वाटू लागते. अय्यावाळांच्या योग्य निर्णयावर सर्वांत आधी बहिष्कार आला. तो त्यांनी शांतपणे स्वीकारला आणि पुढचे कर्तव्य ईश्वरावर सोपवून पार पाडले.

आपल्यासाठी

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणती नोकरी धरावी, कोणती साधना करावी, वेळ कोणाला द्यावा, अशा प्रश्नांनी आज आपले मन थकते. पर्यायांची यादी वाढवून स्पष्टता येत नाही. अय्यावाळांच्या जीवनातून तीन साधे प्रश्न घेता येतील. माझ्या जीवनाचा केंद्रबिंदू कोणता? या निवडीसाठी काय सोडायची माझी तयारी आहे? आणि आज, या क्षणी, कोणती गोष्ट थांबू शकत नाही?

मोठा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा थोडा वेळ नामस्मरण करून शांत बसावे आणि हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरे कागदावर लिहावीत. बहुतेक वेळा यादीतील निम्मे पर्याय तेथेच गळून पडतात. जे उरते ते श्रद्धेने करावे आणि फळ त्याच्या चरणी ठेवावे.